आत असताना बाहेरचं काय आठवलं

साल १९७६, आणि मला एकसष्टावं चालू. सोमाटण्याला घराच्या ओट्यावर बसून मी दावं वळत होतो. लोणावळ्याहून सकाळच्या गाडीनं आलेला एक जण तळेगावहून चालत आला आणि अंगणात उभा राहिला. चपला काढल्या नाहीत, पाणी मागितलं नाही, तेव्हाच मी ओळखलं. "आबा, दत्तू मिस्त्री गेले," तो म्हणाला. "पहाटं दमा वाढला, आन मग... दुपारनंतर न्यायचं ठरलंय." मी दावं वळायचं थांबलो नाही. हात थांबला असता तर पीळ उलगडला असता, असं मी तेव्हा मनाशी म्हणालो. माझी बायको हौसा आतून आली, तिनं माझ्या हातातून दावं काढून घेतलं आणि म्हणाली, "उठा. टोपी घाला."

दत्तूच्या आठवणींच्या या पुरवणीत आधीच दोघातिघांनी लिहिलंय. कुणी त्याला कलावंत म्हटलंय, कुणी लोणावळ्याचं भूषण. त्यांचं खरं असेल. मी तिसरीतून शाळा सोडलेला माणूस. घाटातल्या लाइनीवर गँगमन म्हणून लागलो आणि गँगमन म्हणूनच निवृत्त झालो. वरचे साहेब 'मुकादम हो' म्हणाले, तर कागदपत्रं लिहावी लागतील आणि आपलं अक्षर दिसेल म्हणून नको म्हणालो, आणि कारण मात्र वेगळंच सांगितलं. असा माझा ताठा. हा मजकूरसुद्धा मी दुसऱ्याकडून लिहून घेतलेला नाही. छापणारांनी शुद्धलेखन सुधारावं, मजकूर सुधारू नये. दत्तूवर लिहायला बसलो की मला लाज वाटते, हे आधी सांगून टाकतो, कारण ती लाज वगळली तर त्याच्याबद्दल सांगण्यासारखं माझ्याकडे फार थोडं उरतं.

दत्तू रेल्वेत सुतार होता. आमच्या क्वार्टरांच्या ओळी समोरासमोर. गणेशोत्सवात आमच्या मंडळाचा देखावा तो करायचा. बाकीच्या मंडळांत दोरी बांधलेली असायची आणि दोरीच्या पलीकडे पुतळे मान हलवायचे. दत्तूला ती दोरी खपायची नाही. त्याचं म्हणणं, लोकांनी बघायचं नाही, आत शिरायचं. पहिल्यांदा त्यानं रान केलं, पन्नासच्या पुढचं एखादं वर्ष असेल. मांडवात गोणपाटाच्या भिंती, खऱ्या करवंदीच्या जाळ्या, वाकडी वाट, आणि वाटेच्या शेवटी अंधारात वाघाचे डोळे. सगळं झाल्यावर त्यानं मला आत सोडलं आणि बाहेर आलो तेव्हा विचारलं, "कसं वाटलं?" मी म्हणालो, "चपला आठवल्या." तो बघतच राहिला. मी म्हणालो, "गणपतीचा मांडव म्हणून चपला बाहेर काढाय लावल्यास. खाली सतरंजी. अनवाणी सतरंजीवर चालणारा माणूस रानात कसा जाईल? मला वाघाची भीती वाटंना, चपला कोण नेतंय का याचीच वाटाय लागली."

दुसरा कुणी असता तर चिडला असता. दत्तूनं दुसऱ्या दिवशी गणपतीची जागाच हलवली. मूर्ती वाटेच्या पार शेवटी, वेगळ्या चौथऱ्यावर, चपला तिथं काढायच्या. रानात पायताणासकट जायचं, खाली सागाची वाळकी पानं. मंडळातले जुने लोक तणतणले, मांडवात जोडे चालतात का म्हणाले. दत्तू त्यांना शांतपणे म्हणाला, "मांडव तिथून सुरू होतो. हे रान आहे." त्या वर्षी बायाबापड्या वाघाचे डोळे दिसले की मागं फिरायच्या, आणि मागून येणाऱ्यांवर आदळायच्या.

त्यानंतर 'कसं वाटलं' हे त्यानं कधीच कुणाला विचारलं नाही. बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाला तो एकच विचारायचा, "आत असताना बाहेरचं काय आठवलं? आणि कुठं आठवलं?" लोकांना आधी गंमत वाटायची. एक बाई म्हणाली, दूध चुलीवर ठेवलंय का शेगडीवर ते आठवलं. एक म्हातारा म्हणाला, सून आठवली. दत्तू हसायचा नाही. खडू घेऊन आत जायचा, ते माणूस ज्या वळणावर होतं तिथं बांबूवर फुली मारायचा. फुली म्हणजे तिथं देखावा फाटलाय, तिथनं बाहेरचं आत आलंय. मग रात्रंदिवस ती फुली पुसायच्या मागं. आणि सगळ्यात जास्त फुल्या माझ्या असायच्या. मला त्याचा गर्व होता. अख्ख्या वस्तीत मला विचारल्याशिवाय देखावा उघडायचा नाही, ही गोष्ट मी गावाकडं गेलो तरी सांगायचो.

एका वर्षी त्यानं लेणं केलं. मी म्हणालो, कंदिलाच्या रॉकेलचा वास आला आणि आमची चूल आठवली. त्यानं कंदील बाहेर नेले आणि आरसे लावून उजेड आत वळवला. त्याच लेण्यात भिंतीवर त्यानं हत्ती काढला होता. देखणा, सोंड उचललेला, डोळ्यात पाणी असल्यासारखा. मी म्हणालो, "हत्ती काढून टाक." "का? वाईट झालाय?" "लय चांगला झालाय. मी हितं थांबलो आन म्हणालो, दत्तूनं हत्ती काय काढलाय. तू आठवलास. तू तर बाहेर उभा." त्याचा चेहरा उतरला. कित्येक संध्याकाळी त्या हत्तीत गेल्या होत्या. पण त्यानं हातातला खडू फिरवला, हत्तीच्या कपाळावर फुली मारली आणि आपल्याच हातानं चुन्याचा बोळा फिरवला. मला तेव्हा वाटलं होतं, बघा, माझा शब्द किती चालतो. आज वाटतं, एवढं ऐकून घ्यायला छाती त्याची होती, माझी नव्हती.

चौसष्ट साली तो म्हणाला, बोगदा करू. मी उडवून लावलं. "रोज बोगद्यातनं चालतो मी. पोरखेळ करू नकोस." तो म्हणाला, "म्हणून तर तूच पाहिजेस." मग मीही पेटलो. मीच त्याला सांगितलं, की बोगद्यात गाडी आधी कानाला कळत नाही, पायाला कळते. त्यानं फळ्यांची वाट केली आणि खालून दगड भरलेलं पिंप लोटायची सोय केली. मी सांगितलं, गाडी आपल्यापुढं वारा ढकलत येते, आणि तो वारा गार असतो. त्यानं लोहाराचा भाता आणला आणि त्याच्या तोंडाशी ओलं गोणपाट टांगलं. मी सांगितलं, घाट उतरणाऱ्या गाडीच्या ब्रेकचा जळका वास येतो. त्यानं झिजलेला ब्रेकचा लोखंडी ठोकळा शेगडीत तापवून बघितला. दिवा आधी चांदणीएवढा दिसतो आणि बराच वेळ वाढतच नाही, मग एकदम अंगावर येतो, हेही माझंच. त्या बोगद्यातली फळी न् फळी मला ठाऊक होती. पिंप कोण लोटणार, भाता कोण दाबणार, सगळं ठाऊक. हे मुद्दाम सांगतोय.

गणपती बसायच्या आदल्या दिवशी, दिवेलागणीला, शेवटची चाचणी होती. दत्तू म्हणाला, "आज एकटा जाऊ नकोस. एकटा गेलास की खोट काढत चालतोस. वहिनींना घेऊन ये." हौसा लगेच तयार झाली. माझ्या भाकरी बांधून देण्यात तिचं आयुष्य चाललं होतं, पण बोगदा तिनं गाडीत बसूनच बघितला होता, म्हणजे बघितलाच नव्हता. ती म्हणाली, "मला एकदा बघू द्या, तुमी रोज कुटं जाता ते." आम्ही आत शिरलो. दहा पावलांवर अंधार दाट झाला आणि तिनं माझा हात धरला. नवरा-बायकोनं बाहेर हात धरायची आमच्यात रीत नाही. पण अंधार होता, कोण बघणार. खरं सांगतो, मला बरं वाटलं. मी तिला सांगत चाललो होतो, हितं पाणी गळतं, हितं वटवाघळं असत्यात. ती म्हणाली, "एवढ्या अंधारात तुमी एकलेच येता व्हय..."

तेवढ्यात शिट्टी झाली. हे मला ठाऊक नव्हतं. हे दत्तूनं माझ्या नकळत घातलं होतं. गँग कामावर असते तेव्हा एक जण लांब उभा असतो आणि गाडी दिसली की शिट्टी फुंकतो, अगदी तशीच शिट्टी. पाठोपाठ फळी हलली, गार वारा तोंडावर आला, जळका वास आला, आणि चांदणी वाढायला लागली. त्यापुढं मी काही ठरवलं नाही. खऱ्या बोगद्यात भिंतीला माणूस उभा राहील एवढे कोनाडे असतात, गाडी आली की त्यात शिरायचं. माझ्या नेहमीच्या बोगद्यात त्या अंतरावर डाव्या हाताला कोनाडा आहे. मी डाव्या हाताला उडी घेतली. तिथं कोनाडा नव्हता, गोणपाट होतं. ते फाडून मी पलीकडं भात्यावर पडलो, भाता दाबणाऱ्याला घेऊन पिंपावर गेलो, आणि वरचे बांबू कडाकडा खाली आले.

दिवे लावले तेव्हा सगळी वस्ती हसत होती. "किसनभाऊ, गाडी गेली का?" "अरे बाबा, लाइन क्लिअर द्या त्येला." मीही हसलो असतो... पण मला हौसा दिसली. ती फळ्यांवर मधोमध, जिथं होती तिथंच उभी होती. समोरचा दिवा तिच्या अंगावर येऊन थांबलेला. तिचा हात पुढं तसाच राहिला होता, मी सोडला तेव्हा होता तसा. लोक माझ्याकडं बघत होते, तिच्याकडं कुणी बघत नव्हतं. फक्त दत्तू बघत होता. तो नेहमी गोणपाटाला भोक पाडून, आत चाललेल्या माणसाचं तोंड न्याहाळत उभा असायचा. त्यानं सगळं बघितलं होतं.

त्यानं मला उठवलं, माझ्या कोपराची माती झटकली. मग खडू हातात घेऊन, नेहमीसारखं, पण हळू आवाजात विचारलं, "किसन, आत असताना बाहेरचं काय आठवलं?"

खरं उत्तर एकच होतं. काहीच नाही. मांडव आठवला नाही, गणपती आठवला नाही, तू आठवला नाहीस, पिंप आणि भाता माझ्याच सांगण्यावरून ठेवलेत हेही आठवलं नाही. आणि हातात जिचा हात होता ती बायकोसुद्धा आठवली नाही. दत्तूनं जन्मभर ज्या उत्तरासाठी फुल्या पुसल्या ते उत्तर माझ्या तोंडाशी होतं. पण ते त्याला द्यायचं तर तिच्यासमोर द्यावं लागणार होतं. मी म्हणालो, "तुझे बांबू आठवले. कच्चे हायेत."

त्यानं खडू खिशात टाकला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं सगळे बांबू उतरवले आणि दुप्पट जाड लावले. त्यापायी देखावा उघडायला उशीर झाला, मंडळाच्या अध्यक्षांनी त्याला सगळ्यांसमोर झाडला. तो एवढंच म्हणाला, "किसननं सांगितलं म्हणजे कच्चेच असणार." जिथं मी पडलो होतो तिथं त्यानं लाकडी चौकट ठोकून कोनाडा केला. लोकांना सांगितलं, चूक माझी, कोनाडा करायचा राहिला होता, किसनची उडी बरोबर होती. संध्याकाळी आमच्या दारात आला. "कोनाडा केलाय. खऱ्यापेक्षा रुंद आहे. दोन माणसं नीट मावतात. दोघं येऊन बघा." मी म्हणालो, "ड्युटी हाय."

मी गेलो नाही. दहा दिवस रोज काहीतरी कारण काढलं. हौसा शेजारणींबरोबर जाऊन आली. मी विचारायला नको होतं, पण विचारलं. ती भाकरी थापता थापता सांगत होती, "लय बेस झालाय. गाडी आली की समद्या कोनाड्यात शिरत्यात आन खिदळत्यात." "तू शिरलीस?" "मी मधीच उभी ऱ्हायले," ती म्हणाली. "मला सवय हाय."

तिनं हे कधी चारचौघांत काढलं नाही. घरात मात्र काढायची. एसटीत चढताना मी तिची पिशवी घेतली की म्हणायची, "घट धरा. शिट्टी झाली म्हंजी ऱ्हायची हितंच." माझ्यासारख्या तोंडाळ माणसाला गप्प बसवायला तिला तेवढं पुरायचं.

त्यानंतर मी दत्तूच्या कुठल्याही देखाव्यात आत गेलो नाही. दारात उभा राहून मतं द्यायचो, हे असं कर, ते तसं कर. तो म्हणायचा, "आत ये ना रे. बाहेरून काय कळतं?" मी म्हणायचो, "मला हितनं दिसतंय समदं." लोक आता त्याला मानायला लागले होते. लांबून बघायला यायचे, तुंगार्लीच्या बंगल्यांतली शहरी माणसंसुद्धा. तो खडू घेऊन दारात उभा, आणि जो तो बाहेर पडताना म्हणायचा, वा मिस्त्री, वा. एकदा मला म्हणाला, "सगळे छान म्हणतात. छान म्हटल्यावर मी कुठं फुली मारू, सांग." त्यात तक्रार नव्हती. तो मला बोलवत होता. मला कळत होतं, आणि मी हं म्हणून बिडी पेटवली. पुढं पुढं त्याचे देखावे लोकांना आवडायचे ते दोरीपलीकडच्या देखाव्यांसारखे. लोक येत, बघत, जात. मागं कुणी फिरायचं नाही.

मी निवृत्त होऊन सोमाटण्याला आलो. यंदा उन्हाळ्यात तो मुद्दाम भेटायला आला. दम्यानं छाती वाजत होती, चार पावलं चालला की थांबायचा. ओट्यावर बसला, हौसानं चहा दिला. इकडचं तिकडचं झालं. मग म्हणाला, "किसन, एक विचारायचं होतं. बोगद्याच्या वेळचं..." मी उठलो. "म्हशीला पाणी दाखवून येतो," म्हणालो. म्हशीला पाणी मी थोड्याच वेळापूर्वी दाखवलं होतं. गोठ्यात उभा राहिलो. परत आलो तेव्हा तो गेला होता, कपात अर्धा चहा होता. मी हौसाला विचारलं, "काय म्हणाला?" ती म्हणाली, "काय न्हाई. जाताना एवढंच म्हणाले... वहिनी, बांबू पक्के व्हते."

ती आमची शेवटची भेट. भेट तरी कशी म्हणू, मी गोठ्यात होतो.

निरोप आला त्याच दिवशी संध्याकाळी, लोणावळ्याला नदीकाठी त्याला पोचवलं. माणसं पुष्कळ होती. दोघं बोलले, चांगलं बोलले. कुणीतरी मला पुढं ढकलत म्हणालं, "किसनभाऊ, तुमी बोला. तुमच्या मताबिगर त्यांचं पान हलत न्हवतं." मी मान हलवून मागं सरकलो. आम्ही रात्री तिथंच राहिलो, अनसूयावहिनींना, म्हणजे दत्तूच्या बायकोला सोबत म्हणून.

सकाळी वहिनी हौसाला म्हणाल्या, "भेटायला माणसं येतील, बसायला जागा नाही. त्यांची कामाची खोली तेवढी झाडून घेता का?" हौसानं केरसुणी घेतली. मी तिच्या मागं गेलो. घराच्या मागच्या बाजूला पत्र्याची लहानशी खोली, भिंतीला रंधे, करवती, खाली सगळीकडं भुसा. फक्त बाकाच्या खाली दोन पावलांएवढी जागा मोकळी होती. तिथं त्याचे पाय असायचे, म्हणून तिथं भुसा कधी पडलाच नव्हता. हौसा झाडत झाडत तिथपर्यंत आली आणि कंबर धरून उभी राहिली.

मी दार लोटून घेतलं. उजेड कमी झाला. मी त्या मोकळ्या जागेकडं बघूनच बोललो, तिच्याकडं बघायची छाती नव्हती. "दत्तू," मी म्हणालो, "त्या दिवशी आत असताना मला बाहेरचं कायबी आठवलं न्हाई. ही... हौसाबी आठवली न्हाई."

बाहेर वहिनी कुणाशी तरी बोलत होत्या. मी वाट बघत राहिलो. मला वाटलं, आता ही इतक्या वर्षांचं सगळं बोलेल, आणि बोलावं असं मला वाटत होतं. तिनं केरसुणी या हातातनं त्या हातात घेतली.

"मग लय चांगला केला व्हता म्हणायचा बोगदा, दत्तूभावजींनी," ती म्हणाली. "त्यांना सांगायचं व्हतं की."

एवढं बोलून ती पुन्हा वाकली. भुशाचा ढीग दारापाशी आणला आणि सुपली शोधायला लागली. सुपली माझ्या पायाशी होती. आमच्या घरात मी कधी केरसुणीला की सुपलीला हात लावलेला नाही. मी खाली बसलो, दोन्ही हातांनी सुपली जमिनीला टेकवून धरली, आणि तिनं तिच्यात केर भरला.